सतरा वर्षं न पाहिलेला जावई

माझ्या लूला मावशीने आपल्या जावयाचं तोंड सतरा वर्षं पाहिलं नव्हतं. भांडण वगैरे काही नव्हतं. आम्हा नवाहो लोकांत सासू-जावयाने एकमेकांकडे पाहायचं नसतं. पाहिलं तर डोळे जातात, असं म्हणतात. सासूला आमच्या भाषेत शब्दच मुळी 'जिला पाहायचं नाही ती' असा आहे. हल्लीची पोरं हे पाळत नाहीत आणि त्यांचे डोळे शाबूत आहेत. त्यावर मावशीचं म्हणणं, चष्मे किती वाढलेत तेही बघा.

मावशीचं आडनाव मॅनिगोट्स, म्हणजे पुष्कळ शेळ्या. तिच्याकडे शेळी एकही नव्हती. आडनाव नवऱ्याचं होतं आणि शेळ्याही नवऱ्याच्याच. ती तीस वर्षांची असताना तिने त्याचं खोगीर उचलून दाराबाहेर ठेवलं. आमच्यात खोगीर बाहेर आलं की लग्न संपलं, त्याला दुसरा कागद लागत नाही. ज्यूनियस काका खोगीर घेऊन गेला, शेळ्या त्याच्यामागून गेल्या, आडनाव तेवढं राहिलं. घरात मावशी, तिची मुलगी डेल्मा आणि मी, एवढ्या तिघी उरलो. माय मरो, मावशी जगो म्हणतात. माझ्या बाबतीत दोन्ही खरं झालं होतं.

डेल्माने वेल्डन एत्सिटीशी लग्न केलं. मुलीच्या लग्नात आईने यायचं नसतं, म्हणून मावशी शेजारच्या होगानात, म्हणजे आमच्या मातीच्या गोल घरात बसून दीडशे माणसांचा मटणाचा रस्सा ढवळत होती. आमच्याकडे लग्नानंतर नवराच बायकोच्या आईकडे राहायला येतो. तसा वेल्डन आला आणि आमच्यापासून चाळीस पावलांवर त्याने घर बांधलं. तेव्हापासून मावशीने जुन्या बायकांसारखी कमरेला एक छोटी घंटा बांधली, आपण येतोय हे त्याला कळावं म्हणून. शेळ्या गेल्या त्या गेल्याच, घंटा मात्र आमच्या घरी आली.

वेल्डनचा धंदा वाळूच्या चित्रांचा. त्याचे मामा हताली होते, म्हणजे आजारी माणसासाठी विधी गाणारे. बाराव्या वर्षापासून वेल्डन त्यांच्याबरोबर हिंडला, गाणी शिकला, आणि होगानाच्या जमिनीवर चिमटीतून रंगीत वाळू सोडत पवित्र जनांची चित्रं काढायला शिकला. ती चित्रं सूर्य मावळायच्या आत पुसतात. पण बायको-मुलं दिवस मावळल्यावरही जेवतात, म्हणून तो दुसरी चित्रंही करायचा. भुशाच्या फळीवर डिंक लावून त्यावर तीच वाळू. ही चित्रं पुसत नाहीत, परक्यांच्या भिंतींवर वर्षानुवर्षं राहतात. त्यांत तो कुठेतरी काहीतरी बदलून ठेवायचा, म्हणजे ती खरी होत नाहीत. काय बदललं ते कुणाला सांगायचा नाही.

ही चित्रं शीप स्प्रिंग्जच्या बाहेर, हमरस्त्यावरच्या मिस्टर पॉलसनच्या दुकानात जायची आणि मावशी त्याच दुकानात कामाला होती. चित्राच्या पाठीमागे त्याचा अर्थ टाइप केलेला कागद चिकटवायचा, हे तिचं काम.

"लूला," पॉलसन म्हणायचा, "चित्र खपत नाही, पाठ खपते. लोकांना अर्थ पाहिजे."

"अर्थ त्याला विचारा. काढणारा तो आहे."

"विचारला. तो म्हणतो, 'छान आहे.'"

"मग छान आहे असं लिहू?"

"तुला सुचेल ते लिही. फक्त 'शांतता' आणि 'सुसंवाद' हे दोन शब्द येऊ देत."

खरा अर्थ वेल्डन विक्रीसाठी सांगणार नाही हे मावशीला ठाऊक होतं, आणि त्याला विचारायची तर तिला बंदीच होती. तेव्हा तिने मनाचे अर्थ लिहायला घेतले. दर शुक्रवारी वेल्डनची पिकअप यायची. तो दोनदा भोंगा वाजवायचा, मावशी पिठाच्या पोत्यांच्या खोलीत जाऊन दार लावायची, तो फळ्या ठेवून जायचा आणि जाताना एकदा भोंगा वाजवायचा. मग मावशी बाहेर येऊन अर्थ लिहायला बसायची. सतरा वर्षांत त्याची आठशेच्या वर चित्रं तिच्या हाताखालून गेली. त्याच्या चिमटीची रेघ ती दुसऱ्या कुणाच्याही रेघेतून ओळखायची. चेहरा मात्र सांगता आला नसता.

एका वसंतात आमचं छप्पर गळायला लागलं. ते बघायचं काम जावयाचं. मावशीने डेल्माला तीनदा सांगितलं, डेल्माने वेल्डनला तीनदा सांगितलं, आणि वेल्डन तिन्ही वेळा "हो" म्हणाला. चौथ्या वेळी मावशीने टाइपरायटर ओढला आणि एका चित्राच्या पाठीवर लिहिलं: 'चार दिशांना चार पवित्र जन उभे आहेत. त्यांच्या मनात शांतता आणि सुसंवाद आहे. पाचवी एक बाई गळक्या छपराखाली उभी आहे. ते छप्पर कुणी दुरुस्त केलेलं नाही. ती चित्रात दिसत नाही.'

वेल्डन कधीतरी फळी उलटून वाचेल, असा तिचा हिशेब होता. पण ते चित्र त्याच दुपारी ओहायोच्या एका निवृत्त दंतवैद्याने विकत घेतलं. दोन महिन्यांनी त्याचं पत्र आलं. शुक्रवार होता. पॉलसनने ते गल्ल्यापाशी उभं राहून मोठ्याने वाचलं. समोर वेल्डन होता आणि पिठाच्या खोलीत मावशी.

"तो विचारतोय," पॉलसन म्हणाला, "नवाहो धर्मात गळकं छप्पर हे कशाचं प्रतीक आहे? पाऊस घरात येणं ही कृपा समजायची का?"

वेल्डनने हातातली फळी गल्ल्यावर ठेवली. मग वेल्डन म्हणाला, "उद्या पत्रा घेऊन येतो."

दुसऱ्या दिवशी त्याने छप्पर केलं. मावशी दिवसभर माझ्याबरोबर शेजाऱ्यांकडे बसली. सोमवारी तिने दंतवैद्याला उत्तर टाइप केलं, 'होय, कृपाच.' त्यापुढच्या शुक्रवारी जे चित्र आलं त्यात मक्याच्या ताटावर नेहमीचा निळा पक्षी होता. नेहमी त्याची चोच मिटलेली असते. ह्या वेळी चांगली वासलेली होती.

"हे माझ्यावर आहे," मावशी म्हणाली, आणि ते चित्र तिने दोन आठवडे विकायला ठेवलं नाही.

असंच चाललं असतं. पण नव्वद सालच्या सप्टेंबरात एका शुक्रवारी भोंगा वाजला, मावशी घाईने पिठाच्या खोलीत गेली आणि तिला चक्कर आली. पोत्यासारखं काहीतरी पडल्याचा आवाज वेल्डनने ऐकला. खोलीत पोतीच होती, तरी तो म्हणाला, "हे पीठ नाही." पॉलसन बाहेर पेट्रोल भरत होता. वेल्डनने दोन हाका मारल्या, मग टोपी हनुवटीपर्यंत ओढली, डोळे मिटले आणि चाचपडत आत शिरला. मावशी शुद्धीवर होती. कोण येतंय हे कळताच तिनेही डोळे घट्ट मिटले. पॉलसन परत आला तेव्हा डोळे मिटलेला एक माणूस डोळे मिटलेल्या एका बाईला उचलून दारातून बाहेर येत होता, आणि बाईचा गुडघा वजनकाट्यावर आपटत होता. पॉलसन त्यानंतर बरेच दिवस कमी बोलायचा.

शिपरॉकच्या दवाखान्यात डॉक्टरांनी सांगितलं, रक्तदाब फार वाढलाय. गोळ्या दिल्या. त्यांनी चक्कर बरीच थांबली, पण उजवा हात जड पडला तो तसाच राहिला. बोटं टाइपरायटरवर ठेवली की ती तिथेच बसून राहायची. मावशी मात्र सगळ्यांना गुडघाच दाखवायची.

ऑक्टोबरात आम्ही यानाबा आजींना बोलावलं. त्यांचा हात थरथरतो आणि आजाराचं मूळ दाखवतो. आजींनी डोळे मिटले, हात थरथरला, मावशीवरून फिरला, आणि दाराबाहेर सरपणाच्या ढिगाकडे वळून थांबला.

"वीज," यानाबा आजी म्हणाल्या. "वीज पडलेलं झाड जाळलंस तू, लूला."

"मी? कधीच नाही."

"जुनिपरचं झाड. होगानामागचं."

"ते आपोआप पडलं होतं."

"आपोआप कोळसा झालं होतं?"

मावशीने सरपणाकडे पाठ केली. "थोडंसंच जाळलं," ती म्हणाली. "वाळलेलं होतं. फुकट जात होतं."

वीज पडलेल्या लाकडाला हात लावायचा नसतो हे आमच्यात लहान पोरालाही माहीत असतं. आता विजेचा आणि बाणांचा विधी करायला हवा होता, पाच दिवसांचा, वाळूच्या चित्रांचा. तो जाणणारे हताली आमच्या बाजूला फार उरले नव्हते. वेल्डनचे मामा दोन वर्षांपूर्वी गेले होते. उरले दोघं. एक स्वतः वेल्डन, आणि दुसरा ज्यूनियस काका. खोगीर घेऊन गेल्यावर हा माणूस एवढं काही शिकला असेल, असं मावशीला कधी वाटलं नव्हतं.

"बरं झालं," मावशी म्हणाली. "एकाला पाहायचं नाही आणि दुसऱ्याला पाहवत नाही."

तशी वाट मोकळी होती. जावयाने सासूवर विधी केला तर न पाहण्याचा नियम सुटतो, जन्माचा सुटतो. पुढच्या रविवारी वेल्डन पिकअप घेऊन आमच्या घराशेजारी येऊन थांबला, पण आत आला नाही. खिडकीला आम्ही घोंगडी टांगली होती. आत मावशी, बाहेर तो, आणि मध्ये डेल्माच्या फेऱ्या.

"त्याला विचार, सगळं येतं का?" मावशी म्हणाली. "मध्येच विसरला तर?"

डेल्मा जाऊन आली. "तो म्हणतो, येतं."

"एवढंच?"

"एवढंच."

"हा माणूस बोलत नाही का?"

"तुझ्याशी बोलायची त्याला बंदी आहे, आई."

"मग तुझ्याशी तरी बोलतो का?"

डेल्मा पुन्हा गेली नाही. ती खुर्चीत बसली आणि म्हणाली, "मी काय टेलिफोनची तार आहे? सकाळपासून अकरा फेऱ्या झाल्या."

लेकी बोले सुने लागे, ही रीत सगळीकडे आहे. मावशी उठली आणि शेगडीकडे तोंड करून, घोंगडीपलीकडे नीट ऐकू जाईल अशा आवाजात बोलू लागली.

"शेगडीबाई, तुला सांगते. काही माणसं दारातून बाई नेताना तिचा गुडघा काट्यावर आपटतात. अशा माणसाच्या हातात जीव द्यायचा म्हणजे विचार करावा लागतो."

बाहेर पिकअपमध्ये वेल्डनचा कुत्रा होता. वेल्डन कुत्र्याला म्हणाला, "काय रे, डोळे मिटून काटा दिसतो का? तुला दिसतो?"

"आणि शेगडीबाई, नियम सुटल्यावर माणसाने लपायचं कुठे?"

"कुत्र्या, कुणी लपायला सांगितलंय?"

मावशी माझ्याकडे वळली. पुढचं ती हळू बोलली, ते शेगडीलासुद्धा नव्हतं, माझ्यासाठी होतं. "सतरा वर्षं त्याने मला पाहिलेलं नाही, पोरी. त्याच्या मनात कशी असेन कोण जाणे. ताठ असेन, केस काळे असतील. आता बघेल तर ही अशी. घास तोंडापर्यंत जात नाही."

मी उठले. कॉफी दिली. तिने ती डाव्या हाताने प्यायली आणि मग डेल्माला म्हणाली, "सांग त्याला. ये म्हणावं."

पहिलं कडक दहिवर पडून गेल्यावर, नोव्हेंबरात, विधी सुरू झाला. पहिल्या पहाटे वेल्डन औषधाचं पाणी घेऊन मावशीच्या होगानात आला. मी दाराशी होते. मावशी पश्चिमेकडे जमिनीवर बसली होती, मान खाली घालून. घंटा तिने सोडून ठेवली होती. वेल्डन समोर येऊन उभा राहिला. त्याचे कान लाल झाले होते.

मावशीने मान वर केली, त्याच्याकडे पाहिलं, आणि बराच वेळ पाहत राहिली.

"तू एवढाच?" ती म्हणाली.

"हो," वेल्डन म्हणाला.

"रेघांवरून मला वाटलं होतं, उंच असशील."

"खाली बसून काढतो," वेल्डन म्हणाला.

मग दोघं कामाला लागले. आमच्या विधीत मोठी प्रार्थना असते. हताली एक तुकडा म्हणतो, आजारी माणूस त्याच्यामागून तोच तुकडा म्हणतो, शब्द न शब्द, चुकायचं नाही. ती तासाच्या वर चालली. सतरा वर्षांचं मौन सुटल्यावर जावई सांगतोय आणि सासू तस्संच म्हणतेय, असं मी त्याआधी पाहिलं नव्हतं आणि नंतर तर नाहीच. मध्ये दोनदा मावशीचा आवाज बसला. दोन्ही वेळा वेल्डन ती धाप ओसरेपर्यंत थांबला आणि मग पुढचा तुकडा म्हणाला.

दुसऱ्या दिवसापासून चित्रं सुरू झाली. वेल्डन आणि चार पुरुष सकाळी आत बसायचे आणि दुपारपर्यंत चिमटीतून वाळू सोडायचे. पांढरी, पिवळी, लाल, काळी, आणि काळ्या-पांढऱ्याची मिळून निळी. तोवर मावशीने आत पाहायचं नसे. शेवटच्या दिवशीचं चित्र सगळ्यांत मोठं होतं. तीन वाजता तिला बोलावलं. ती आत गेली, मक्याचं पीठ त्यावर शिंपडलं आणि उभी राहिली. हेच चित्र फळीवर तिने निदान दोनशे वेळा पाहिलं होतं. दोनशे वेळा पाठीवर शांतता आणि सुसंवाद लिहिला होता. आता ती बघत होती आणि बसायचं विसरली होती.

"बसा," वेल्डन म्हणाला. "मधोमध. तोंड दाराकडे."

ती चित्रावर बसली. वेल्डनने ओले तळवे चित्रातल्या पवित्र जनांच्या पायांवर ठेवले, वाळू उचलली आणि तेच तळवे मावशीच्या पायांवर दाबले. मग त्यांचे गुडघे आणि तिचे गुडघे, त्यांचे हात आणि तिचे हात, असं करत डोक्यापर्यंत. तिच्या उजव्या हातावर तो जरा जास्त वेळ थांबला, असं मला वाटलं. मावशी डोळे उघडे ठेवून बसली होती. गालावरून पाणी ओघळत होतं आणि ते पुसायला तिने हात हलवला नाही, कारण हलवायचा नसतो.

मग ती उठून बाहेर आली. आत त्यांनी चित्र मोडलं, वाळू घोंगडीत भरली आणि उत्तरेकडे नेऊन टाकली. पाच माणसांचं सकाळपासूनचं काम, ते अर्ध्या तासात संपलं.

मावशी माझ्याजवळ येऊन बसली. बऱ्याच वेळाने म्हणाली, "तो विसरत नव्हता तर."

"काय विसरत नव्हता?"

"इतकी वर्षं मला वाटायचं, एक गोष्ट तो दर वेळी विसरतो. डेल्माकडून दोनदा निरोपही पाठवला होता, काढताना लक्ष दे म्हणून."

"कुठली गोष्ट?"

"तुला कशाला?" मावशी म्हणाली. मग काही वेळाने, "हात गार होते त्याचे. डेल्मा त्याला नीट जेवायला घालत नाही."

चार दिवस पथ्याचे गेले. हळूहळू बोटं सैल झाली. जानेवारीत तिने पुन्हा चमचा उजव्या हातात धरला. शिपरॉकचे डॉक्टर म्हणाले, गोळ्या चांगल्या लागू पडल्या. वेल्डन म्हणाला, छान. हात नऊ आणे आला, मग बारा आणे आला. उरलेलं म्हातारपण होतं, ते कुठल्या विधीने जात नाही.

दुकानात मात्र घोटाळा झाला. मावशी टाइपरायटरसमोर बसली, वेल्डनची फळी उलटी ठेवली, आणि काही लिहीना. पॉलसन म्हणाला, "बोटं दुखतात का?"

"बोटं ठीक आहेत. आता मला खरं माहीत आहे. खोटं लिहिवत नाही, आणि खरं लिहायचं नाही."

"मग काय लिहिणार?"

तिने लिहिलं: 'वाळू, डिंक, फळी. काढणारा वेल्डन एत्सिटी, शीप स्प्रिंग्ज.' पॉलसनने कपाळाला हात लावला. आता एकही खपणार नाही, असं तो दुकानात येईल त्याला सांगत होता. त्या वर्षी आदल्या वर्षीइतकीच खपली. पॉलसनला याचं बरेच दिवस वाईट वाटत होतं.

आता मावशी पासष्टीची आहे. ती आणि वेल्डन एका टेबलावर जेवतात आणि रोज भांडतात. सतरा वर्षांचं साठलेलं आहे, ते एकदम संपत नाही. तो निळ्या मक्याच्या पेजेत मीठ घालतो, हे तिला नव्याने कळलं. ती झोपेत गाते, हे त्याला कळलं. गेल्या आठवड्यात रंगाचे दगड आणायला आम्ही डोंगराकडे गेलो. वेल्डन गाडी चालवत होता, मावशी त्याच्या शेजारी, मी दाराकडे. एका कड्याजवळ त्याने गाडी थांबवली, उतरला, आणि एक दगड आणून तिच्या मांडीवर ठेवला.

"हा घेऊ का?" वेल्डनने विचारलं. "लाल आहे."

मावशीने दगड उन्हात धरला, उलटा केला, जिभेने ओला केला.

"तपकिरी आहे," ती म्हणाली.

"लाल आहे."

"डोळे गेले तुझे."

"असतील," वेल्डन म्हणाला. त्याने तो दगड खाली टाकला आणि कड्यावर जरा वर चढून दुसरा शोधू लागला. मावशी खिडकीतून त्याला ओरडून सांगत होती, अजून वर, अजून डावीकडे, पाय सांभाळ.